हत्तीच्या पोटातली घटका

मराठीत आपण सहज म्हणून जातो, 'त्याची घटका भरली.' ही घटका भरायची कशी, हे मात्र आता फारसे कुणाला आठवत नाही. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पूर्वी पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक वाटी सोडत. वाटीच्या तळाला बारीक भोक असे. त्या भोकातून पाणी हळूहळू वर चढे, वाटी भरे आणि बुडे. वाटी बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, संपली. वाटी काळाच्या ओघात गेली, शब्द तेवढा आपल्या जिभेवर राहिला.

अशीच एक वाटी आठशे वर्षांपूर्वी एका हत्तीच्या पोटात तरंगत होती. हा हत्ती लाकडाचा आणि धातूचा, आणि त्याचा कर्ता होता बदीउज्जमान अल-जझरी. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी आणि टाकीत भोकाची वाटी. अर्ध्या तासाने ती भरून बुडते. बुडताना एक दोरी ओढली जाते. त्या ओढीने वरच्या मनोऱ्यात साठवलेला एक गोळा सुटतो, शिखरावरचा पक्षी गरकन फिरतो. गोळा ससाण्याच्या चोचीतून खालच्या सर्पाच्या जबड्यात पडतो. वजनाने सर्प खाली झुकतो आणि झुकता झुकता बुडालेली वाटी वर खेचून पुन्हा पाण्यावर आणून ठेवतो. गोळा खाली घरंगळतो, महावताचा हात उठतो, घाव पडतो, आवाज होतो. पाहणाऱ्याला कळते, अर्धा तास झाला. गोळे संपेपर्यंत हा खेळ आपोआप चालू राहतो.

आम्ही हा लेख लिहायला घेतला तो या हत्तीचे कौतुक करण्यासाठी नाही. असे कौतुक अलीकडे पुष्कळ होते. मोबाइलवर दर आठवड्याला एखादा संदेश येतोच. आम्हाला विचार करायचा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. गेल्या पन्नास वर्षांत अशी यंत्रे आणि त्यांची आजची भावंडे युरोपातल्या निरनिराळ्या शहरांत लोकांसमोर मांडली गेली. दर वेळी मांडणारे वेगळे होते, आणि दर वेळी आपल्या वारशाने जगाला काहीतरी वेगळे सांगितले. एकदा त्याने लोकांना थक्क केले, एकदा अभिमान दिला, एकदा मात्र एका मुलीला थप्पड खावी लागली. असे का झाले?

चालवावी लागणारी कला

आज ज्याला 'न्यू मीडिया आर्ट', म्हणजे नवमाध्यम कला म्हणतात, ती व्हिडिओ, संगणक, प्रकाशझोत आणि ध्वनी यांच्या आधाराने घडते. चित्र भिंतीवर टांगले की टांगले. पहारेकरी झोपला तरी चित्र चित्रच राहते. या कलेचे तसे नाही. ती चालवावी लागते. बटण दाबले नाही तर समोर काहीच नसते. भलत्या वेळी दाबले तर भलताच अर्थ होतो. म्हणून या कलेत कलावंताइतकाच महत्त्वाचा असतो तो ती मांडणारा आणि चालवणारा माणूस. इंग्रजीत त्याला क्युरेटर म्हणतात. आपल्या सरकारी वस्तुसंग्रहालयांत या पदाला 'अभिरक्षक' असा जुना आणि चांगला शब्द आहे. अभिरक्षक म्हणजे राखणारा. आमच्या घरातल्या शब्दात सांगायचे तर अमानतदार. दुसऱ्याची ठेव त्याच्याकडे असते. तिच्यात खयानत होऊ न देता ती त्याने लोकांपुढे ठेवायची असते.

लॉरा मार्क्स या अभ्यासक बाईंनी २०१० साली एक मोठा ग्रंथ लिहून असे मांडले की, या संगणकी कलेची एक वंशावळ इस्लामी कलेतून येते. एका छोट्या घटकाची पुनरावृत्ती करून अमर्याद नक्षी उभी करणे, आकृतीऐवजी नियमाला महत्त्व देणे, हे मशिदीच्या भिंतीवरही आहे आणि संगणकाच्या पडद्यावरही. त्यांचे सगळेच म्हणणे मान्य करावे असे नाही. पण एवढे खरे की, 'आपोआप चालणारी, वेळेनुसार बदलणारी, पाहणाऱ्याला गुंतवणारी कलाकृती' ही कल्पना आमच्या वाचकांना परकी वाटण्याचे कारण नाही.

बगदाद आणि दियारबकिर

नवव्या शतकातील बगदादमध्ये मूसा बिन शाकिर यांची तीन मुले होती : मुहम्मद, अहमद आणि हसन. इतिहास त्यांना बनू मूसा म्हणून ओळखतो. इ. स. ८५० च्या सुमारास त्यांनी 'किताबुल हियल' लिहिले. त्यात सुमारे शंभर युक्तीची यंत्रे आहेत. आपोआप भरणारी भांडी, रंग आणि आकार बदलणारी कारंजी, वाऱ्यावर न विझणारे दिवे. त्यांचे एक वेगळे छोटे पुस्तक 'स्वतःहून वाजणाऱ्या वाद्या'विषयी आहे. पाण्याच्या दाबाने हवा बासरीत जाते, आणि फिरत्या नळकांड्यावर बसवलेल्या खुंट्या बासरीची छिद्रे उघडतात, झाकतात. खुंट्यांची जागा बदलली की सूर बदलला. आज आपण ज्याला प्रोग्रॅम म्हणतो त्याची ही अगदी सुरुवातीची आवृत्ती.

या भावांचे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. त्यांनी ग्रीक ग्रंथ मिळवले, भाषांतरे करवून घेतली. त्यांच्या वर्तुळातला मोठा गणिती साबित बिन कुर्रा हर्रानचा साबी होता, मुसलमान नव्हता. भाषांतरकारांत ख्रिस्ती होते. बगदादचे मोठेपण हेच की तिथे 'हे ज्ञान कुणाचे' यापेक्षा 'हे खरे आहे का' हा प्रश्न अधिक विचारला जाई.

अल-जझरी त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी आला. आजच्या तुर्कस्तानातील दियारबकिर, त्या वेळचे आमिद, येथे अर्तुकी घराण्याच्या पदरी त्याने सुमारे पंचवीस वर्षे काढली आणि नासिरुद्दीन महमूद या सुलतानाच्या सांगण्यावरून आपला ग्रंथ १२०६ साली पुरा केला. त्यात पन्नास यंत्रे आहेत. घड्याळे, मेजवानीची पात्रे, हात धुण्याची व रक्त काढण्याच्या वेळी वापरायची भांडी, कारंजी, पाणी उपसण्याची यंत्रे, आणि काही किरकोळ.

या यादीत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत आणि त्या दोन्ही लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी : सुलतानाला वुजू करताना नोकराने किंवा दासीने हातावर पाणी ओतावे हे आवडेना, म्हणून त्याने अल-जझरीकडून पाणी घालणारे यंत्र करवून घेतले. दुसरी अशी : ग्रंथाचा एक पूर्ण विभाग मद्याच्या बैठकीत वापरायच्या पात्रांचा आणि करमणुकीच्या बाहुल्यांचा आहे. वुजूचे यंत्र आणि मद्याचे पात्र एकाच कारागिराच्या हातचे, एकाच दरबारातले, एकाच पुस्तकातले. इतिहास असाच असतो. पुढे जे जे मांडणारे आले त्यांची पारख याच ठिकाणी होते, की त्यांनी यातले काय दाखवले आणि काय झाकले.

अल-जझरी स्वतः या बाबतीत सचोटीचा माणूस होता. बनू मूसांचे काम त्याने पाहिले होते आणि त्याने तसे लिहिले आहे. एका घड्याळाची मूळ कल्पना आर्किमिडीजच्या नावावर चालत आलेल्या पुस्तकातली आहे, हेही तो सांगतो. पूर्वसूरींचे नुसते कागदावरचे यंत्र तो मान्य करत नाही. करून पाहिल्याशिवाय अशी विद्या खरी की खोटी ठरत नाही, असे त्याचे मत होते. शिवाय प्रत्येक चित्रात सुट्या भागांना त्याने अक्षरे दिली, मापे दिली, जोडणी सांगितली. पुढच्या कारागिराला ते यंत्र पुन्हा उभे करता यावे, हा त्यामागचा हेतू. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घ्यायचे, खरेपणा तपासायचा आणि पुढच्याला समजेल असे ठेवायचे. आम्हाला तर वाटते, अमानतदारीचे तिन्ही नियम या ग्रंथातच आहेत.

सुटी झालेली पाने

ग्रंथाच्या नकला होत राहिल्या. सर्वांत जुनी ज्ञात प्रत १२०६ सालचीच असून ती इस्तंबूलच्या टोपकापी संग्रहात आहे. पण सगळ्या प्रतींचे नशीब असे नव्हते. १३५४ साली ममलूकांच्या राज्यात झालेल्या एका सुंदर प्रतीतली चित्रांची पाने पुढे काढली गेली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात सुटी विकली गेली. काही बोस्टनच्या संग्रहालयात पोचली, बाकीची इतरत्र पांगली. १३१५ सालच्या दुसऱ्या एका प्रतीतले हत्तीचे पान न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

बोस्टनच्या पानांवर १९२४ साली ज्याने पुस्तिका लिहिली तो माणूस आपल्याकडे वेगळ्या कारणाने माहीत आहे : आनंद कुमारस्वामी. भारतीय शिल्पाची थोरवी पश्चिमेला पटवणारे हे विद्वान तेव्हा बोस्टनच्या संग्रहालयात भारतीय आणि इस्लामी कलेचे अभिरक्षक होते. पाने सुटी झाल्याचे नुकसान भरून येण्यासारखे नव्हते. तरी त्यांनी विखुरलेल्या पानांचा मेळ घालून ती कशाची आहेत हे लोकांना सांगितले.

चौकटीत बसलेले पान मात्र चित्र होऊन जाते. मागच्या बाजूचा मजकूर, ती मापे, ती जोडणी पाहणाऱ्याला दिसत नाही. हत्ती सुंदर दिसतो, पण त्याच्या पोटातली वाटी हरवते. जर्मनीत विडेमान आणि हाउझर यांनी १९१५ साली घड्याळांच्या भागाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७४ साली डोनाल्ड हिल या इंग्रज अभियंत्याने सगळा ग्रंथ इंग्रजीत आणला. मूळ अरबी मजकुराची संशोधित छापील आवृत्ती त्यानंतर पाच वर्षांनी, १९७९ साली, हलबहून म्हणजे अलेप्पोहून, अहमद यूसुफ अल-हसन यांनी काढली. आपल्या घरची वस्तू आपण शेजाऱ्याकडून ओळखली, अशातला हा प्रकार.

लंडन : पाहुणा आणि प्रतिनिधी

१९७६ च्या एप्रिलमध्ये लंडनला 'वर्ल्ड ऑफ इस्लाम फेस्टिव्हल' भरला. राणी एलिझाबेथ यांनी त्याचे उद्घाटन केले. तेलाच्या किमतींनी युरोपला हादरा दिल्याला तीनच वर्षे झाली होती आणि मुस्लिम देशांना आपली ओळख नव्याने करून द्यायची होती. सायन्स म्युझियममध्ये अल-जझरीचे मोठे जलघड्याळ हिल यांच्या अभ्यासाच्या आधारे पुन्हा उभे करण्यात आले आणि ते चालले. सातशे सत्तर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचा खरेपणा इंग्रज प्रेक्षकांसमोर सिद्ध झाला. कारागिराला याहून मोठी दाद कोणती?

तरीही एक गोष्ट खटकते. गालिचे, चिनी मातीची भांडी, कुरआनच्या प्रती यांचे प्रदर्शन वेगळ्या इमारतीत होते आणि यंत्रांचे वेगळ्या. एकीकडे कला, दुसरीकडे विज्ञान. अल-जझरीच्या दरबारात अशी भिंत नव्हती. त्याचा पक्षी वेळही सांगायचा आणि डोळ्यांनाही सुख द्यायचा. पाहुण्याला यजमानाच्या घराच्या खोल्यांप्रमाणेच बसावे लागते, त्यातला हा भाग.

२००६ साली मँचेस्टरहून '१००१ इन्व्हेन्शन्स' नावाचे फिरते प्रदर्शन निघाले. प्राध्यापक सलीम अल-हसनी यांची त्यामागे प्रेरणा. लंडनमध्ये जुलै २००५ चे बॉम्बस्फोट होऊन वर्षही झाले नव्हते. ब्रिटनमधल्या मुस्लिम मुलांकडे वर्गातली मुले संशयाने पाहत होती. अशा मुलांना ताठ मानेने उभे राहता यावे, हा हेतू खरा होता आणि मोलाचाही होता. २०१० मध्ये हे प्रदर्शन लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आले तेव्हा हत्तीचे भव्य घड्याळ त्याचे मुख्य आकर्षण होते. सोबतच्या लघुपटात अल-जझरीची भूमिका बेन किंग्जली यांनी केली. तेच, ज्यांनी १९८२ च्या चित्रपटात गांधीजी उभे केले होते.

लाखो लोकांनी हे पाहिले. पण विज्ञानाच्या इतिहासकारांना यातले बरेच दावे पटले नाहीत. २०१६ साली त्यांच्यापैकी काहींनी '१००१ डिस्टॉर्शन्स' म्हणजे 'एक हजार एक विपर्यास' अशा नावाचे पुस्तकच काढले. त्यांचे म्हणणे आपल्याला झोंबणारे असले तरी ऐकण्यासारखे आहे. उदाहरण घ्यायचे तर अब्बास बिन फिरनास यांच्या उड्डाणाचे. हे गृहस्थ नवव्या शतकातले. त्यांच्या उड्डाणाची हकीकत जिच्या आधाराने सांगितली जाते ती सतराव्या शतकातल्या अल-मक्करीने लिहिलेली. मधे सातशे वर्षांहून अधिक काळ. 'असे सांगतात' आणि 'असे झाले' यांत फरक असतो. ज्या समाजाने हदीसच्या एकेका रावीची छाननी केली, सनद मागितली, त्या समाजाला हा फरक शिकवावा लागू नये.

हत्तीचेही तसेच झाले. हत्ती म्हणजे भारत, सर्प म्हणजे चीन, पाण्याची युक्ती ग्रीसची, पगडीवाला माणूस अरबांचा, असा त्याचा अर्थ आता सगळीकडे सांगितला जातो. हा अर्थ सुंदर आहे. पण ग्रंथातल्या त्या प्रकरणाचा सगळा भर वाटीचे माप, दोरीची लांबी, गोळ्याचे वजन यांवर आहे. अर्थ मांडणाऱ्यांनी लावलेला आहे, तर तो त्यांच्या नावावर सांगावा. अल-जझरीच्या तोंडी घालू नये. आणि मद्याच्या पात्रांचा विभाग? अभिमानाच्या मांडणीत त्याला सहसा जागा मिळत नाही. आपला पूर्वज माणूस होता, हे आपल्याला अडचणीचे वाटते.

तुलूझचा पूल

आता त्या थप्पडेकडे येऊ.

मुनीर फातमी हे मोरोक्कोतल्या तंजा शहरी १९७० साली जन्मलेले कलावंत. त्यांचे काम फ्रान्समध्ये चालते. अरबी सुलेखनाची गोल वर्तुळे घेऊन ती यंत्राच्या दातेरी चाकांसारखी फिरवायची, असे त्यांचे काही व्हिडिओ आहेत. मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलावंताने १९३५ मध्ये केलेल्या फिरत्या चकत्यांची आठवण त्यात आहे. बनू मूसांच्या खुंट्या आणि अल-जझरीची चाके ज्यांनी पाहिली त्यांना ही चाकेही ओळखीची वाटतील. फरक एवढाच की इथे चाक पवित्र अक्षरांचे आहे.

२०१२ च्या शरद ऋतूत फ्रान्समधील तुलूझ शहरात कलामहोत्सव भरला होता. फातमी यांचे 'टेक्नोलॉजिया' हे काम तिथल्या पाँ नफ या जुन्या पुलावर प्रकाशझोताने दाखवायचे ठरले. कुरआनच्या आयती आणि हदीस यांची फिरती वर्तुळे त्यात होती. ती वर्तुळे पडली जमिनीवर, पादचाऱ्यांच्या वाटेवर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी, समजावून सांगणारी माणसे जवळ नसताना, हा झोत चालू होता. एक तरुणी त्यावरून चालत गेली. जमलेल्यांपैकी कुणीतरी तिला थप्पड मारली. काही डझन लोक गोळा झाले, पोलिस आले, स्थानिक इमामांना बोलावून लोकांना शांत करावे लागले. फातमी यांनी आपले काम काढून घेतले.

त्या वर्षीचे वातावरणही ध्यानात घ्यायला हवे. मार्चमध्ये त्याच तुलूझमध्ये एका माथेफिरूने ज्यू शाळेतली लहान मुले मारली होती. सप्टेंबरमध्ये पैगंबरांची निंदा करणाऱ्या चित्रफितीवरून आणि व्यंगचित्रांवरून जग तापले होते. अशा हवेत तो प्रकाश जमिनीवर पडला.

आम्ही या घटनेचा पुष्कळ विचार केला. ज्या मुलीला थप्पड बसली तिचा काय दोष? तिला ती अक्षरे वाचता येत नव्हती, कुणी सांगितले नव्हते. वाटेवर उजेड पडला होता, ती चालली. अक्षराच्या अदबीसाठी माणसाची बेअदबी करणाऱ्याने अक्षर वाचलेलेच नसते. ही थप्पड आमच्या नावाने मारली गेली असेल, तर ती आम्हाला मान्य नाही.

पण जे व्याकूळ झाले त्यांची व्याकुळताही खोटी नव्हती. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे रस्त्यात उर्दू अक्षरांचा कागदाचा तुकडा दिसला तरी वाकून उचलत आणि भिंतीच्या खोबणीत नेऊन ठेवत. त्यावर अल्लाहचे नाव असेल, कुणाचा पाय पडेल, एवढीच काळजी. काय लिहिले आहे हे अनेकांना वाचताही येत नसे. हा धाक नव्हता, तो अदब होता. अशा घरात वाढलेल्या माणसाच्या पायाखाली अचानक आयत फिरू लागली तर त्याचे काळीज चरकणारच. 'तो तर नुसता उजेड आहे' हे उत्तर त्याला पुरत नाही.

मग चूक कुठे झाली? कलावंताचा हेतू अपमानाचा नव्हता. त्यांनी काम काढून घेतले यातच ते दिसते. चूक झाली ती मांडणीत. भिंत आणि जमीन यांतला फरक एका संस्कृतीत तांत्रिक असतो, दुसरीत तो जीवघेणा असू शकतो. हा फरक ओळखणे आणि उजेडाजवळ बोलणारा माणूस उभा करणे, हेच अभिरक्षकाचे काम. ते झाले नाही.

याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. डिसेंबर २०१३ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जमील पुरस्काराचे प्रदर्शन लागले. इस्लामी परंपरेतून प्रेरणा घेणाऱ्या आजच्या कलेसाठी हा पुरस्कार दिला जातो. निवडक कलावंतांत फातमी होते, आणि त्यांचे 'मॉडर्न टाइम्स' हे चार्ली चॅप्लिनच्या चित्रपटाचे नाव घेतलेले काम तिथे होते. तशीच सुलेखनाची फिरती चाके, तसाच यंत्राचा खडखडाट. पण ती डोळ्यांसमोर होती, शेजारी माहितीची पाटी होती, पाहणारा ठरवून आलेला होता. लोकांनी पाहिले, विचार केला, काहींना आवडले, काहींना नसेल आवडले. कुणाचा हात उठला नाही. कलावंत तोच, कल्पना तीच. बदलली ती जागा आणि ओळख करून देण्याची रीत.

कार्ल्सरुहेचा कारखाना

जर्मनीतल्या कार्ल्सरुहे शहरात नवमाध्यम कलेचे एक मोठे केंद्र आहे. त्याची इमारत म्हणजे जुना दारूगोळ्याचा कारखाना. दुसऱ्या महायुद्धात तिथे वेठीला धरलेल्या कामगारांकडून काम करून घेतले जाई. १९९७ पासून तिथे व्हिडिओ, संगणक आणि ध्वनी यांची कला मांडली जाते. ऑक्टोबर २०१५ च्या अखेरीस तिथे 'अल्लाहस् ऑटोमाटेन', म्हणजे 'अल्लाहची स्वयंचलित यंत्रे', या नावाचे प्रदर्शन सुरू झाले आणि फेब्रुवारी २०१६ पर्यंत चालले. माध्यमांचा इतिहास खोदून काढणारे अभ्यासक सीगफ्रीड झीलिन्स्की आणि केंद्राचे प्रमुख पीटर वाइबेल यांनी ते रचले. इ. स. ८०० ते १२०० हा त्याचा काळ. बनू मूसांचे आपोआप वाजणारे वाद्य पुन्हा घडवून तिथे मांडले होते.

या मांडणीत एक मोठी गोष्ट झाली. लंडनला ही यंत्रे विज्ञानाच्या खोलीत होती. इथे ती आजच्या कलेच्या घरात, व्हिडिओ आणि संगणकांच्या शेजारी, वडीलधाऱ्यांच्या जागी बसली. 'तुम्ही जे आज करता त्याचे खापरपणजोबा हे,' असे जर्मन प्रेक्षकाला त्याच्याच घरात सांगितले गेले. त्या एका वर्षात जर्मनीत सुमारे नऊ लाख माणसे आश्रयाला आली होती. त्यांतले कितीतरी सीरिया आणि इराकचे, म्हणजे बगदाद, हलब यांच्या मातीतले. वर्तमानपत्रांत हे लोक ओझे म्हणून मोजले जात होते, आणि या कारखान्यात त्यांच्या पूर्वजांची बासरी मांडलेली होती.

नाव मात्र आम्हाला पटले नाही. ही यंत्रे अल्लाहची नव्हेत, माणसांची होती. काही वुजूसाठी, काही मद्यासाठी, पुष्कळशी सुलतानाची मर्जी राखण्यासाठी. ती घडवण्यात ग्रीकांचे पुस्तक होते, साबी गणिती होता, ख्रिस्ती भाषांतरकार होते. आणि बुडती वाटी तर आपल्या घटिकापात्राची बहीणच. युरोपातल्या घड्याळाला कुणी 'येशूचे घड्याळ' म्हणत नाही. मुसलमानाने खिळा ठोकला तरी तो धर्माचाच खिळा, ही समजूत सद्भावनेच्या प्रदर्शनातही डोकावते. तरीही आत जे होते ते अभ्यासाने आणि आदराने मांडलेले होते, हे कबूल करणे हाही इन्साफच.

आपल्या अंगणात

हे सगळे युरोपचे झाले. आपले काय?

औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. दूर डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून शहरापर्यंत येते, सायफनच्या तत्त्वावर उंच भिंतीत चढते आणि धबधब्यासारखे हौदात कोसळते. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई. अल-जझरीच्या ग्रंथातली यंत्रे पाहायला आपण लंडनला जाऊ शकत नाही. पण त्याच विद्येची एक लेक आपल्या दारात शतकानुशतके नांदते आहे. आपण तिथे जातो, हौदाच्या काठी उभे राहून फोटो काढतो, मुलांना मासे दाखवतो आणि परत येतो. पाणी वर कसे चढते, हे आपल्या मुलाने विचारले तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आणि हे पीठ कुणाला मिळायचे, जात-धर्म विचारून मिळायचे का, हे आपण कधी शेजारच्या मुलाला सांगितले आहे का?

आमचे म्हणणे एवढेच की, अभिरक्षक फक्त संग्रहालयात नसतो. मोबाइलवर आलेला संदेश पुढे ढकलणारा, शाळेच्या स्नेहसंमेलनात 'मुस्लिम शास्त्रज्ञ' या विषयावर तक्ता करणारा, उरुसाला आलेल्या पाहुण्याला पाणचक्की दाखवणारा, हे सगळे आपापल्या परीने अमानतदारच. त्यांच्याकडूनही त्याच तीन गोष्टींची अपेक्षा आहे. ज्याचे घेतले त्याचे नाव घ्यावे, मग तो ग्रीक असो, साबी असो की घटिकापात्रवाला जोशी. खरे असेल तेवढेच सांगावे. पूर्वजांची थोरवी वाढवण्यासाठी त्यांना खोट्या पंखांची गरज नाही. आणि समोरच्याला समजेल अशा जागी, समजेल अशा भाषेत, स्वतः जवळ उभे राहून सांगावे.

तुलूझच्या पुलावर त्या संध्याकाळी आपल्यातला एखादा जाणता माणूस त्या उजेडाच्या कडेला उभा असता, तर तो त्या मुलीला म्हणाला असता, 'बेटी, जरा बाजूने जा, ही आमची आयत आहे. ये, तुला तिचा अर्थ सांगतो.' मागून धावत आलेल्या मुलाचा हातही त्यानेच धरला असता. ती मुलगी थांबली असती असे आम्हाला वाटते, आणि तो मुलगाही.

हत्तीच्या पोटातली वाटी बुडते आणि पुन्हा वर येते. तिला वर आणणारा सर्प आणि गोळा आपल्याला बाहेरून दिसतात. त्यांची जोडणी मात्र कुणीतरी काळजीपूर्वक केलेली असते आणि पुढच्यासाठी लिहून ठेवलेली असते. ते लिहून ठेवणारे आपल्यात पूर्वी होते. पुन्हा व्हायला हवेत.